आउटबोर्ड मोटरची उंची नेमकी किती ठेवावी? बास बोट वेगात डोलते, सल्ला हवा

नवखा नावाडी (धागाकर्ता)

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी मी २० फुटी, फायबरग्लासची एक वापरलेली बास बोट (बास मासे पकडायची वेगवान बोट) घेतली. मागे २२५ अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर (बोटीबाहेर टांगलेले इंजिन) आहे. ती ८ इंच सेटबॅकच्या (म्हणजे मोटरला बोटीपासून तेवढी मागे धरणाऱ्या), हाताने स्क्रू फिरवून वरखाली करायच्या साध्या जॅक प्लेटवर बसवलेली आहे. प्रोपेलर स्टेनलेस स्टीलचा, तीन पात्यांचा आणि २५ इंच पिचचा (एका फेऱ्यात तात्त्विकदृष्ट्या तेवढे पुढे सरकणारा) आहे.

पूर्ण थ्रॉटलला ५६०० आरपीएमवर जीपीएस ताशी ६६ मैल दाखवते आणि त्यापुढे काही केल्या काटा सरकत नाही. नाळ (बोटीचे पुढचे टोक) उचलावी म्हणून ट्रिम (मोटरचा कल) वाढवला की मागे पाण्याचा उंच फवारा उडतो, स्टिअरिंग जड होते, बोट आधी नाळेवर उड्या मारते आणि मग डावी-उजवीकडे डोलू लागते. जॅक प्लेटच्या बोल्टांवरचा रंग कुठेही तडकलेला नाही, म्हणजे आधीच्या मालकाने त्यांना पाना लावला असेल असे वाटत नाही. मोटर वर घ्यावी का, घ्यायची तर किती, आणि हे मोजून कसे ठरवतात? हायड्रॉलिक जॅक प्लेटवर खर्च करणे योग्य ठरेल का?

पाना-पकड

खर्चाचा विचार नंतर करा, आधी मोजमाप घ्या. "मोटर खाली वाटते" किंवा "वर वाटते" यावर कोणालाच सल्ला देता येत नाही.

बोट ट्रेलरवर सपाट जागी उभी करा. तळाच्या मागच्या टोकाला जो अरुंद सपाट पट्टा असतो, ज्याला पॅड म्हणतात, त्यावर पाणसळ लावून ट्रेलरचा जॅक वरखाली करत पॅड आडव्या रेषेत आणा. मग मोटरचा ट्रिम असा लावा की प्रोपेलरच्या वरची आडवी अँटी-व्हेंटिलेशन प्लेट पॅडला समांतर होईल. आता जमिनीपासून पॅडपर्यंत आणि जमिनीपासून प्रोपेलरच्या शाफ्टच्या मध्यापर्यंत अशी दोन मापे घ्या. त्यांची वजाबाकी म्हणजे शाफ्ट पॅडच्या किती खाली आहे तो आकडा. पॅड असलेल्या बहुतेक बास बोटींत तो ३ ते ५ इंचांच्या दरम्यान असतो. मापे घेताना घाई करू नका. पॅड तिरका राहिला तर सेटबॅकमुळे चूक आणखी वाढते आणि अर्ध्या इंचाचा घोळ सहज होतो.

ज्यांच्याकडे जॅक प्लेट नाही त्यांच्यासाठी: मोटरच्या ब्रॅकेटला वरच्या बाजूस पाऊण-पाऊण इंचाच्या अंतराने भोके असतात, त्यामुळे एका भोकाने बदलले की उंची पाऊण इंचाने बदलते. मात्र २०० किलोच्या पुढचे धूड हाताने पेलण्याच्या फंदात पडू नका, साखळीचा हॉइस्ट लागतोच. आणि ट्रान्समची (बोटीच्या मागच्या भिंतीची) जुनी भोके मरीन सीलंटने नीट भरा, नाहीतर आतल्या लाकडात पाणी मुरते.

चार पाती

तुमच्या वर्णनावरून मोटर खाली असावी असेच वाटते. पाण्यात बुडालेले लोअर युनिट (मोटरचा प्रोपेलर असलेला खालचा भाग) ब्रेकसारखे काम करते आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० मैलांना जो विरोध जाणवतही नाही, तो ६० मैलांना चौपट होतो. मग नाळ उचलण्यासाठी आपण ट्रिम वाढवत राहतो, प्रोपेलर पाणी मागे ढकलण्याऐवजी वरच्या दिशेने फेकू लागतो आणि तोच तुमचा फवारा. म्हणजे उंचीचे काम तुम्ही ट्रिमकडून करून घेत आहात.

मोटर थेट ट्रान्समवर असेल तर अँटी-व्हेंटिलेशन प्लेट तळाच्या रेषेत ठेवून सुरुवात करतात. ट्रान्समच्या मागे सुटलेले पाणी हळूहळू वर चढते, म्हणून सेटबॅक असेल तर दर ८ ते १२ इंचांमागे साधारण १ इंच वर घेता येते. पॅडच्या बोटीत त्याहूनही वर जाता येते, पण पायरी-पायरीने.

प्रत्येक पायरीवर स्लिप काढा, म्हणजे प्रत्यक्ष वेग अपेक्षित वेगापेक्षा किती टक्के कमी आहे ते. आरपीएमला पिचने गुणा, गिअरच्या प्रमाणाने (प्रोपेलरच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे) भागा आणि आलेल्या उत्तराला १०५६ ने भागा, हा झाला अपेक्षित वेग. (ताशी १ मैल म्हणजे मिनिटाला १०५६ इंच, एवढेच त्या आकड्याचे रहस्य.) तुमचे गिअर प्रमाण १.७५ धरले तर ५६०० आरपीएमला ताशी सुमारे ७५.८ मैल यायला हवेत, तुम्हाला मिळतात ६६, म्हणजे स्लिप जवळपास १३ टक्के. चांगली जुळवलेली बास बोट १० टक्क्यांच्या आसपास येते. वर घेतल्यावर आरपीएम आणि वेग दोन्ही वाढले तर दिशा बरोबर आहे. नुसतेच आरपीएम वाढले तर प्रोपेलरची पकड सुटू लागली आहे.

शांत पाणी

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण एक गोष्ट सर्वांत आधी यायला हवी होती. पाण्याच्या दाबाचा गेज नसेल तर मोटर एक इंचही वर घेऊ नका. थंड करणारे पाणी आत घेण्याच्या जाळ्या लोअर युनिटच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मोटर वर आली की त्यांच्यात हवा शिरू लागते. तापमानाचा भोंगा वाजेपर्यंत पंपातल्या रबरी इम्पेलरचे नुकसान झालेले असू शकते. गेज मात्र ते आधीच सांगतो. पूर्ण थ्रॉटलला किमान किती दाब हवा, ते तुमच्या मोटरच्या माहितीपुस्तिकेत पाहा, दुसऱ्याच्या मोटरचा आकडा वापरू नका.

डोलण्याबद्दल: बोट पॅडवर चढली की ती एका अरुंद पट्टीवर तोल सांभाळत असते आणि स्टिअरिंगमध्ये थोडीशी जरी ढिलाई असली तरी चालकाची प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोचून डोलणे वाढवते. मोटर मधोमध ठेवून लोअर युनिट हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. चाक न फिरता ते हलत असेल, तर उंचीआधी त्याची दुरुस्ती करा. हेही लक्षात ठेवा की प्रोपेलरच्या वरच्या छोट्या ट्रिम टॅबला मोटर वर घेतल्यावर पाणी मिळत नाही, त्यामुळे चाक एका बाजूला अधिक ओढू लागते. चाचणी करताना किल स्विचची (चालक पडल्यास इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला अडकवलेली असावी, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

हायड्रॉलिक प्लेटबद्दल माझे मत थोडे कटू आहे. ती उत्तम वस्तू आहे: उथळ पाण्यात वर, निघताना खाली, चालत्या बोटीत बटणावर. पण योग्य उंची कोणती हे ती सांगत नाही. ज्यांना ते ठाऊक नसते ते बटण दाबत राहतात आणि दोष प्रोपेलरला देतात.

नवखा नावाडी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. जमिनीपासून पॅड २४ इंच, शाफ्टचा मध्य १९ इंच, म्हणजे शाफ्ट पॅडच्या चक्क ५ इंच खाली होता. स्टिअरिंगमध्ये थोडी ढिलाई निघाली, एक नट घट्ट केल्यावर ती गेली आणि अर्धे डोलणे तिथेच संपले.

त्यानंतर अर्धी टाकी इंधन, तेच सामान, तीच दोन माणसे, एकच टप्पा आणि दोन्ही दिशांची सरासरी, अशा पद्धतीने चाचण्या केल्या. मूळ उंचीवर दाब २२ पीएसआय होता. १ इंच वर घेतल्यावर ५७५० आरपीएम, ताशी ६९.५ मैल, स्लिप १०.७ टक्के आणि दाब १९. फवारा खाली बसला आणि ट्रिम पूर्वीपेक्षा बराच कमी लागू लागला. उत्साहाने दीड इंचापर्यंत गेलो, तर आरपीएम ५९०० झाले, पण वेग ६९ वर घसरला, स्लिप १३.६ टक्के झाली आणि वळणात दाब एकदम ११ वर आला. एका वळणावर तर प्रोपेलरने हवा ओढली, इंजिन किंचाळले आणि बोटीची मागची बाजू बाहेर सरकली. थ्रॉटल ताबडतोब कमी केला. आता सव्वा इंचावर आहे: ५८०० आरपीएम, ताशी ७० मैल, दाब १७. पण वळणात अजूनही कधी कधी पकड सुटते आणि थांबलेल्या स्थितीतून प्लेनवर (पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून घसरत चालण्याच्या स्थितीत) येताना बोट आधीपेक्षा रेंगाळते.

चार पाती

या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी बोट दाखवतात. मागे जास्त रेक (पात्यांचा मागे झुकाव) आणि कडांना चांगला कप (वळवलेली कड) असलेला चार पात्यांचा प्रोपेलर उंच बसवलेल्या मोटरवर पाणी अधिक घट्ट धरून ठेवतो. सर्वोच्च वेग एखाद्या मैलाने कमी होऊ शकतो, पण वळण आणि सुरुवात दोन्ही सुधारतात. विकत घेण्याआधी कोणाकडून उसना मिळाला तर लावून पाहा आणि उंचीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा, कारण प्रोपेलर बदलला की जुनी उंची लागू राहत नाही.

पाना-पकड

तोपर्यंत पाव इंच खाली घेऊन एकवरच ठेवा. त्या अर्ध्या मैलासाठी वळणात मागची बाजू निसटण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही. बोल्ट माहितीपुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा, दोन-तीन फेऱ्या मारल्यावर पुन्हा एकदा तपासा, आणि प्लेटच्या कडेवर आत्ताच्या उंचीची खूण पक्क्या शाईने करून ठेवा.