एअर फ्रायरमध्ये स्कोन जमले, आता ओटीजी विकून टाकू का?

घोडबंदरवाली:
एअर फ्रायर आला तेव्हा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) माळ्यावर गेला, तो अजून तिथेच आहे. रविवारी एअर फ्रायरमध्ये स्कोन (चहासोबतचे छोटे फुगीर इंग्रजी पाव) केले. अर्धं प्रमाण: 125 ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, चमचाभर साखर, 25 ग्रॅम बटर (खारं, म्हणून मीठ वेगळं नाही), 70 मिली दूध. बटर मैद्यात चोळायचं, शंकरपाळ्यांच्या मोहनासारखं. फक्त कडकडीत नाही, फ्रीजमधलं गार. 180 अंशांवर 12 मिनिटं. माझ्या मते चौघांच्या घराला ओटीजी म्हणजे अडगळ.

नौपाडाकर:
विकू नका हो! एअर फ्रायरची कॉईल वर, पंखाही वर. माझे पहिले चार स्कोन वरून असे तांबूस की लगेच फोटो काढावा, आणि फोडले तर मध्ये चिकट गोळा, बूड पांढरंफटक. ओटीजीत खालची कॉईलही तापते. शिवाय स्कोन चांगल्या 220 अंशांच्या धगीत जायला हवा, त्या पहिल्या धगीतच तो फुगतो.

घोडबंदरवाली:
आधी 5 मिनिटं रिकामा तापवला होता का? आणि शेवटची 3 मिनिटं उलटून ठेवायचे. बटर पेपर मात्र स्कोन ठेवल्यावरच आत जाऊ दे. माझा रिकामा पेपर उडून कॉईलला चिकटला, घरभर जळका वास!

वाशीची काकू:
उलटायचं असेल तर थालीपीठच लावते ना मी!
विजेचं म्हणाल, तर 1400 वॅटचं यंत्र तापवण्यासकट 17 मिनिटं चाललं तर जास्तीत जास्त 0.4 युनिट. स्वस्त आहे, मान्य. पण टोपलीत मावतात चार. पाहुणे आले की दोन घाणे, आणि दूध पडलं की बेकिंग पावडर कामाला लागते, ती दुसऱ्या घाण्याची वाट बघत बसत नाही. ओटीजीत आठही एका ट्रेमध्ये.

खारघरचा अण्णा:
यंत्रावर कसले भांडताय? मे महिन्यात आपल्याकडे बटर चोळायला घेतलं की बोटांतच वितळतं. पीठ तेलकट झालं की कुठल्याही भट्टीत भाजा, दगडच होणार. फ्रीझरमधलं बटर किसणीवर किसून घाला. आणि वाटीने कापताना वाटी गोल फिरवू नका, सरळ दाबा. फिरवलं की कडा चिकटते आणि स्कोन एका अंगाला कलंडतो.

नेरुळकर:
एवढा खटाटोप? खारी आणा, चहात बुडवा.

खारघरचा अण्णा:
खारीवर जाम लावता का? इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम आणि वर जाम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जाम. मी सायीवर आंब्याचा मुरांबा घालतो, दोघांनीही रागवावं.

नौपाडाकर:
काल पुन्हा केले, आधी तापवून, शेवटी उलटून. बूड भाजलं, कबूल. पण उलटल्यावर फुगलेलं डोकं जाळीवर चेपलं, वर रेघा उमटल्या. सासूबाईंनी विचारलं, "ढोकळा बसला का रे?"

घोडबंदरवाली:
चार स्कोनपुरतं मी हरले नाहीये. पण वाशीच्या काकूंचं घाण्याचं गणित डोक्यातून जाईना. दिवाळीला नानखटाई करायची तर दहा घाणे होतील. ओटीजी राहू दे. माळ्यापर्यंत पोचेल अशी शिडी कुणाकडे आहे का?