‘गिफ्ट’ म्हणजे भेट, विष आणि विवाहित: हा शब्द एक की तीन?

बाळीवेस यांचा प्रश्न

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. नाताळासाठी आम्ही दोन मोठे टॉवेल आणि चार नॅपकिन यांचा संच केला, खोक्याच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘गिफ्ट सेट’ असे छापले आणि नमुना जर्मनीतल्या खरेदीदाराकडे पाठवला. मालाचे वजन, मऊपणा, रंग यांबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. झाकणावरचा शब्द मात्र काढावा, कारण आमच्या भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष, असे त्यांनी नम्रपणे कळवले. झाकणे पुन्हा छापावी लागणार आहेत.

ही हकिगत स्वीडनमध्ये शिकणाऱ्या चुलत भावाला सांगितली, तेव्हा त्याने आणखी एक भर घातली. तिथे अर्जातल्या वैवाहिक स्थितीच्या रकान्यात विवाहित माणूस याच स्पेलिंगचा शब्द लिहितो, फक्त उच्चार ‘यिफ्ट’ असा होतो. शिवाय विषालाही तिथे हाच शब्द आहे.

माझा प्रश्न असा की हे सारे योगायोगाने सारखे झालेले वेगवेगळे शब्द आहेत का? आपल्याकडे चतुर्थांश या अर्थाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’वरून आला आणि खाण्याचा पाव पोर्तुगिजांकडून आला, त्या दोघांचे एकमेकांशी काही नाते नाही. इथेही तसेच असावे असे मला वाटते, पण खात्री करून घ्यायची आहे.

कुडलसंगम यांचे उत्तर

‘पाव’चे उदाहरण आपण अचूक दिले आहे, परंतु ‘गिफ्ट’ची गोष्ट त्याच्या उलट आहे. हा मुळात एकच शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘देणे’ किंवा ‘दिलेली वस्तू’ एवढाच आहे. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ ही क्रियापदे ज्या जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश या भाषांच्या कुळातल्या) धातूपासून आली, त्याचेच हे नाम आहे.

जर्मनमध्ये विषाचा अर्थ कसा आला, हा भाग थोडा विस्ताराने सांगतो. साधारण इ. स. ७५० ते १०५० या काळातल्या जुन्या जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे दान, देणगी असाच अर्थ होता. ग्रीक भाषेत वैद्याने रोग्याला दिलेल्या मात्रेला ‘दोसिस’, म्हणजे ‘देणे’, असे म्हणत आणि तो शब्द लॅटिन वैद्यकात रुळला होता. जर्मन भाषकांनी त्याच धर्तीवर आपल्या ‘देणे’ या शब्दाला ‘दिलेली मात्रा’ असा अर्थ दिला. पुढे घातक मात्रेचे नाव उघडपणे घेण्याऐवजी लोक तिला नुसते ‘दिलेले’ म्हणू लागले आणि हळूहळू तोच मुख्य अर्थ होऊन बसला. जुना अर्थ आता ‘मिटगिफ्ट’ या जोडशब्दात उरला आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘सोबत दिलेले’, म्हणजे लेकीबरोबर पाठवलेले आंदण.

अशुभ गोष्टीचे नाव टाळण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्या जिल्ह्यातला कोणताही शेतकरी द्राक्षबागेवर किंवा तुरीवर ‘औषध मारतो’. तो विष मारतो असे कुणी म्हणत नाही. वर्तमानपत्रातही ‘विषारी औषध प्राशन’ असे छापून येते. मराठीत ‘औषध’ ज्या वाटेवर अर्धे चालून थांबले आहे, त्या वाटेने जर्मन ‘गिफ्ट’ शेवटपर्यंत गेले.

आणखी एक नाते मला फार प्रिय आहे. त्या ग्रीक ‘दोसिस’चा धातू आणि संस्कृत ‘दा’ हा धातू एकच. म्हणून दवाखान्यात आपण ज्याला ‘डोस’ म्हणतो तो शब्द आणि ‘दान’, ‘देणे’ हे शब्द एकाच घराण्यातले ठरतात.

सुताचा गुंता यांचे उत्तर

स्वीडिश अर्थाबद्दल लिहितो. तिथला विवाहित या अर्थाचा ‘गिफ्ट’ हे ‘गिफ्टा’ या क्रियापदाचे धातुसाधित विशेषण आहे आणि त्या क्रियापदाचा जुना अर्थ ‘मुलगी लग्नात देणे’ असा होता. म्हणजे पूर्वी ‘दिलेली’ असायची ती वधू. आता तोच शब्द वराला आणि वधूला सारखाच लागतो. विषाचा अर्थ मात्र स्कँडिनेव्हियात जर्मनीच्या बाजूने नंतर आला. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांतही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. लग्नाला विष मानून हा शब्द तयार झाला, असे समाजमाध्यमांवर अनेकदा लिहिले जाते. ते चुकीचे आहे, कारण दोन्ही अर्थ ‘देणे’ या एकाच मुळापासून निरनिराळ्या मार्गांनी आलेले आहेत.

हे समजायला मला कोश लागला नाही. आमचे घर पद्मशाली विणकरांचे, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. तेलुगूत बायकोच्या वडिलांना ‘पिल्लनिच्चिन मामा’ म्हणतात, म्हणजे ‘मुलगी दिलेले मामा’. शेजारच्या कन्नड घरात तेच ‘हेण्णु कोट्ट माव’ होतात. मराठीत आपण ‘धाकटीला बार्शीला दिली’ असे सांगतो. त्यात लग्न हा शब्द उच्चारावाही लागत नाही, आणि निरोप देताना ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणतो. तेलुगू आणि कन्नड या द्राविडी भाषा, म्हणजे त्यांचे जर्मानिक भाषांशी कुळाचे नाते नाही. तरीही आमच्या एका गल्लीत तीन भाषा जे बोलतात, तेच स्वीडिश भाषा बोलते.

कुडलसंगम

आपले म्हणणे पूर्ण पटले. त्याला दुजोरा देणारी गोष्ट इंग्रजीतही आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘यिफ्ट’च्या जवळचा होता, अर्थ वधूमूल्य होता आणि अनेकवचनी तो लग्न या अर्थाने येई. आजचा स्पष्ट ‘ग’ आणि भेटीचा अर्थ इंग्लंडच्या पूर्व भागात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेतून आला.

बाळीवेस

सर्वांचे मनापासून आभार. जर्मनीच्या खोक्यांवर आता ‘गेशेंक’ हा शब्द घालायचे ठरले आहे. तो निर्धोक आहे ना? आणि जुनी झाकणे नेदरलँड्सच्या मालाला चालतील का?

कुडलसंगम

‘गेशेंक’ पूर्ण निर्धोक आहे आणि त्याची व्युत्पत्तीही सुरेख आहे. ‘शेंकेन’ या क्रियापदाचा मूळ अर्थ पेय ओतून देणे असा होता. पाहुण्याच्या पेल्यात ओतण्यावरून ते भेट देण्यापर्यंत आले. याच्या अगदी उलट फ्रेंच आणि इंग्रजीतला विषवाचक ‘पॉइझन’ लॅटिन ‘पोतिओ’वरून, म्हणजे ‘पेय’ या शब्दावरून आला आहे, आणि त्याचा धातू आपल्या ‘पिणे’चाच आहे. जर्मनांनी ‘देण्या’चे विष केले आणि ‘पाजण्या’ची भेट केली, फ्रेंचांनी ‘पिण्या’चे विष केले.

डचमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, विशेषतः संस्थेला दिलेली रक्कम. टॉवेलच्या संचाला तिथले लोक ‘कादो’ म्हणतील. शिवाय विषाला त्यांचा शब्द ‘गिफ’ आहे, म्हणजे शेवटच्या एका अक्षराचा फरक. जुनी झाकणे इंग्लंडच्या मालासाठीच ठेवावीत.

बाळीवेस

ठीक. तीनशे झाकणे शिल्लक आहेत, ती इंग्लंडच्या गठ्ठ्यात वेगळी बांधून ठेवतो. स्वीडनसाठी भावाने ‘गोवा’सारखा ऐकू येणारा, भेट या अर्थाचा शब्द सुचवला आहे. छापण्याआधी त्याचे स्पेलिंग त्याच्याकडून लिहून मागवतो.