कोशिकाचक्र वाढवा, फवारणी विसरा? काहीही!

सराफ्यातला: काल इथे @माळवी_मूळ यांनी टाकलं, "कोशिकाचक्राची जनुकं वाढवली की सोयाबीन रोगमुक्त, फवारणी बंद." आधार ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यावरचं २०१३चं काम. अहो, ते नीट वाचा तरी! ओएसडी१ आणि यूव्हीआय४ ही जनुकं एपीसी/सीला, म्हणजे पेशीचं चक्र (वाढून दुभंगण्याचा फेरा) पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेला, आवर घालतात. ती जादा चालवल्यावर एसएनसी१सारखी प्रतिकार-जनुकं चढली आणि झाड स्यूडोमोनास सिरिंजी या रोगजिवाणूला पुरून उरलं. एक जिवाणू, एक प्रयोगशाळेतलं रोपटं. त्यावरून अख्खा माळवा निरोगी? आणि शब्द 'पेशी' आहे, 'कोशिका' नाही.

माळवी_मूळ: इंदूरची मराठी आहे, पुण्याचा शिक्का नकोय. मुद्द्यावर या. २०१४चं सीपीआर५ या प्रथिनावरचं काम सोयीस्कर विसरलात? सिम आणि एसएमआर१ हे सीडीके-रोधक (चक्र पळवणाऱ्या विकरांना अडवणारी प्रथिनं) त्याच्या तावडीतून सुटतात, चक्राची कळ असलेला आरबी-ईटूएफ मार्ग भडकतो आणि लागण झालेली पेशी स्वतःला संपवते. म्हणजे पहारा चक्राचीच मंडळी देतात.

सराफ्यातला: देतात ना. आणि चोरालाही तीच जेवण वाढतात. भुरीची बुरशी ज्या पेशीत शिरते, तिच्या खालच्या पेशींमध्ये विभाजन न होता डीएनएच्या प्रती वाढतात. त्या प्रती वाढवणारं एमवायबी३आर४ हे जनुक बिघडलेलं असलं की बुरशी कमी माजते (२०१०). मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या महाकाय पेशीत केंद्रकं विभागत राहतात, मधली भिंत पडतच नाही. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅक रोगाचा विषाणू तर जेमिनी गटातला. या गटाकडे स्वतःचा डीएनए पॉलिमरेज (डीएनए बनवणारं विकर) नसतो. त्याचं रेप प्रथिन आरबीआरला, म्हणजे पेशीच्या चक्राच्या ब्रेकला, धरतं आणि थांबलेली पेशी पुन्हा डीएनए बनवायला लागते. तिथे चक्र आणखी पळवणार? पानसुपारीही द्या मग.

बांधावरची: मोझॅक काढलात म्हणून सांगते. तो पसरवते पांढरी माशी. थायोमेथोक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक बियाण्याला चोळा, किलोला १० मिली. आणि चुकतं ते क्रमात: रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) आधी चोळतात, वर औषध ओततात, जिवाणू खलास. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, रायझोबियम शेवटी. सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं.

तिल्लोर_रोड: बीजप्रक्रिया हंगामभर पुरत नाही, तेही सांगा ना. पिवळे चिकट सापळे कुठे गेले?

बांधावरची: सापळ्याने माशी आलीय हे कळतं, नुसत्या सापळ्यांनी मोझॅक थांबत नाही! पिवळी पडलेली झाडं उपटून बांधावर टाकतात, माशी उठते आणि शेजारच्या ओळीवर बसते. आधी माशीचा बंदोबस्त, मग उपटणी, झाड थेट पोत्यात. आणि जेएस ३३५ पेरायची, वर मोझॅकच्या नावाने रडायचं, हे बंद करा. ती वाण मोझॅकला बळी पडते, हे काय आज कळलं?

तिल्लोर_रोड: घरचं बी फुकट असतं, ताई. सहनशील वाणाचं बियाणं काय तुम्ही घरपोच करणार?

सराफ्यातला: धागा जनुकांचा होता हो.

माळवी_मूळ: असू दे, यातच जास्त कामाचं आहे. बरं, 'फवारणी बंद' मागे घेतो. 'कोशिका' नाही.