खलाश्याचे कागद मालकाकडे अडकलेत, काय करता येईल?

दुकानवाली_मिरकरवाडा: बंदराजवळ माझं किराणा दुकान आहे. एका लाँचीवरचा नेपाळी खलाशी काल उधारीची वही बघून रडायलाच लागला. १ जूनपासून मासेमारी बंद, लाँच पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर झाकून ठेवली, याला गावी जायचंय. मालक म्हणतो, २० हजार उचल फिटल्याशिवाय नागरिकतेचा कागद देणार नाही. पगाराचा हिशेब फक्त तांडेलाच्या, म्हणजे लाँचीवरच्या मुख्य खलाश्याच्या, डोक्यात! परदेशी माणूस म्हणून त्याला हक्कच नाही का?

हर्णैचा_तांडेल: आगाऊ उचल घेऊन मधेच पळणारेही मी पाहिलेत, मालकाचंही ऐका. पण कागद अडकवणं चूकच. आमच्याकडे दर महिन्याला वहीत अंगठा घेतो.

वकीलवहिनी: हक्क आहे. उचलीपायी माणसाला जाऊ न देणं ही वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली आणि असं कर्जही रद्द ठरतं. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मागा, फोन १५१००. आणि तुमची उधारीची वही जपून ठेवा. तो कधीपासून इथे आहे, हे त्यातल्या तारखा सांगतील.

दुकानवाली_मिरकरवाडा: वही ऑगस्टपासूनची आहे, तेलाच्या डागांसकट. अर्ज मराठीत मी लिहिते, सही तो नेपाळीत करेल. चालेल ना?

वकीलवहिनी: चालेल. पोच घ्यायला विसरू नका.