सिकलसेलवर क्रिस्पर ट्रीटमेंट आलीय म्हणतात, त्यात नेमकं करतात काय?

वैनगंगाकाठ:
भाचा १४ वर्षांचा, एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचा जीन आलेला. ताई गडचिरोली जिल्ह्यात असते. थंडी पडली की पोट्ट्याचे गुडघे अन् पाठ असे ठणकतात की ती रात्रभर शेकत बसते, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून अॅडमिट करायची वेळ कमी येते पण येतेच. आता कुणीतरी सांगितलं की जीन कापून आजार जातो. म्हणजे बिघडलेला जीन दुरुस्त करतात का? अन् पुढे त्याच्या लेकरांना होणार नाही ना? ताई रोज विचारते.

पेशीवाला:
कॅसजेव्ही या क्रिस्पर (जीन कापायचं तंत्र) उपचाराबद्दल म्हणत असाल तर नाही, बिघडलेल्या जीनला त्यात हातच लावत नाहीत! बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद पडतं, म्हणून तर एसएस बाळाला सुरुवातीचे महिने त्रास दिसत नाही. ते बंद ठेवायचं काम बीसीएल११ए हा जीन करतो. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून क्रिस्परने या जीनचा लाल पेशींपुरता स्विच तोडतात आणि पेशी परत सोडतात, मग ते बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, अमेरिकेने ८ डिसेंबरला, १२ वर्षांवरच्यांसाठी. ट्रायलमध्ये ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर तरी दुखण्याचा मोठा अटॅक आला नाही. मला तर वाचताना भरून आलं होतं.

नागपूरची_मावशी:
दादा, आधी दोन गोष्टी समजून घ्या. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि नव्या पेशींना जागा करायला आधी कडक केमो देतात, त्याने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत स्वस्त उपचारावर काम चालू आहे, त्यावर माझी फार आशा आहे. तोवर सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळतंय का हे डॉक्टरांना विचारा, बोन मॅरो ट्रान्सप्लांट आपल्याकडेही होतं.

पेशीवाला:
लेकरांचं राहिलंच. बदल फक्त रक्ताच्या मूळ पेशींत होतो, बीजात नाही, म्हणून एस जीन पुढे जाणारच. बायको एए (दोन्ही जीन चांगले) असेल तर सगळी मुलं एएस, म्हणजे नुसती वाहक. ती एएस असेल तर दर खेपेला एसएसची शक्यता निम्मी. भाच्याला बहीण-भाऊ आहे का? टेस्ट झालीय त्यांची?

वैनगंगाकाठ:
लहान बहीण आहे, ९ वर्षांची. तिला काही त्रास नाही म्हणून केलीच नाही आम्ही. सोमवारी नेतो तिला, एचएलएचंही विचारतो.