सेबनच्या काळातला अलाबामाचा सगळ्यात दणदणीत विजय कुठला?

तस्कलूसाकर
मंडळी, दिवाळीला मावसभाऊ आलाय आणि दोन दिवस आमचा एकच वाद चाललाय म्हणून इथे टाकतोय. निक सेबन अलाबामा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा २००७ ते २०२३ कोच होता, १७ सीझन, त्यात ६ नॅशनल टायटल. तर या सगळ्यात समोरच्याला पार झोपवलं अशी मॅच कुठली? भाऊ म्हणतो स्कोअर बघ, २०१४ ला टेक्सस ए अँड एमला ५९-० ने धुतला, हाफटाइमलाच ४५-० होता, यापुढे बोलायचं काय.

माझं म्हणणं जानेवारी २०१२ ची फायनल, एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीविरुद्ध २१-०. मी तेव्हा नुकतंच तस्कलूसातनं, म्हणजे अलाबामा युनिव्हर्सिटीच्या गावातनं, एमएस संपवलेलं. त्याआधी २०११ च्या २७ एप्रिलला गावातनं टोर्नेडो गेला होता, आमच्या अपार्टमेंटपासून थोड्या अंतरावरची घरं अक्षरशः नाहीशी झालेली, आम्ही पाण्याचे बॉक्स वाटत फिरत होतो. मग ५ नोव्हेंबरला याच एलएसयूने आमच्या घरच्या मैदानावर ९-६ ने ओव्हरटाइममध्ये हरवलं, मी वरच्या स्टँडमध्ये होतो, आमचे ४ फील्ड गोल (३ पॉइंटची किक) हुकले आणि बाहेर पडताना एवढ्या गर्दीत कोणी बोलत नव्हतं. आणि दोन महिन्यांनी त्याच टीमला न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे त्यांच्याच राज्यात, एक पॉइंट करू दिला नाही. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_पोरगा
दादा मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलो, आता ६ वर्षं हंट्सव्हिलला आहे. तो फुटबॉल वेगळा हा वेगळा पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच, लिंबूटिंबू टीमवर ढीगभर गोल मारले तर पेठेत त्याची आठवण कोणी काढत नाही, आठवण निघते ती तोडीस तोड टीमला गप्प केल्याची.

त्या हिशोबाने माझं मत २०१२ च्या सीझनची, म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षीची फायनल, नोत्र दाम ४२-१४. ते १२-० होते, म्हणजे १२ पैकी १२ जिंकलेले, नंबर एकवर, अख्खं सीझन त्यांच्या डिफेन्सचं कौतुक चाललेलं आणि अलाबामाने पहिल्याच ड्राइव्हला, म्हणजे बॉल मिळताच, ५ प्लेमध्ये ८२ यार्ड जाऊन टचडाऊन (६ पॉइंट) केला, अलाबामाचा एडी लेसी बॉल घेऊन शिरला की एकाच्या अंगावर आपटून सरळ पुढच्याकडे जायचा, पहिला टॅकल त्याला लागतच नव्हता. हाफटाइमला २८-०. पुढे ३५-० झाल्यावर कुठे नोत्र दामचे पहिले पॉइंट. स्कोअरबोर्डवरचे १४ फसवे आहेत, मॅच पहिल्या पंधरा मिनिटांतच संपलेली.

अटलांटा_ताई
तुम्ही दोघं २००९ विसरताय!! आणि २००९ नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं हे मी अगदी ठामपणे म्हणते. आदल्या वर्षी, २००८ ला, अलाबामा १२-० अशी नंबर एकवर होती आणि इथे अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये फ्लोरिडाने त्यांना ३१-२० ने घरी पाठवलं. फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) टिम टीबो तेव्हा आमच्या ऑफिसमधल्या निम्म्या लोकांचा देव होता. ५ डिसेंबर २००९ ला तेच मैदान, तीच टीम, दोघंही १२-०, फक्त आता फ्लोरिडा नंबर एक, लागोपाठ २२ मॅच जिंकलेली. हाफटाइमला १९-१३, म्हणजे अजून काहीही होऊ शकलं असतं. आणि दुसऱ्या हाफमध्ये फ्लोरिडाला किती पॉइंट? शून्य. ३२-१३. जवळजवळ ४० मिनिटं बॉल अलाबामाकडे, त्या बिचाऱ्यांना बॉलच मिळाला नाही तर करणार काय. अलाबामाच्या मार्क इंग्रमचे ३ टचडाऊन आणि पुढच्याच आठवड्यात त्याला हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, मिळाली, अलाबामाच्या इतिहासातली पहिली. टीबोचा एंड झोनमधला (जिथे टचडाऊन होतो तिथला) पास अलाबामाच्या अरेनासने पकडला तो क्षण आणि नंतर बेंचवर त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी हे अजून डोळ्यासमोर आहे, मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलेलं. सत्तापालट होताना बघितला आपण त्या दिवशी.

पेठेतला_पोरगा
ताई मान्य आहे की ती मॅच सगळ्यात महत्त्वाची होती. पण प्रश्न दणदणीत कुठली असा आहे. हाफटाइमला ६ पॉइंटचाच फरक असेल तर ती चुरशीची मॅच झाली की थोडी तरी.

अटलांटा_ताई
चुरशीची होती म्हणूनच तर! दमलेल्या टीमला कोणीही हाणेल, ताज्या दमाच्या नंबर एकच्या टीमला दुसऱ्या हाफमध्ये श्वासही घेऊ न देणं हे जास्त कठीण.

नुसता_आकडा
५९-० च्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. त्याआधीचे दोन आठवडे बघा, ४ ऑक्टोबरला ओल मिसकडून २३-१७ हरले, ११ ला आर्कन्सॉविरुद्ध जेमतेम १४-१३ जिंकले, सगळीकडे ओरड की सेबनचे दिवस भरले. आणि १८ ऑक्टोबरला हे. शिवाय ही तीच ए अँड एम जिने २०१२ ला तस्कलूसात येऊन हरवलं होतं आणि २०१३ ला ४२ पॉइंट ठोकले होते. त्यांना शून्यावर ठेवणं म्हणजे क्रिकेटमध्ये डावाने हरवल्यासारखं आहे. तरी प्रामाणिकपणे सांगतो, तो ए अँड एमचा संघ २०१२ च्या तोडीचा नव्हता, त्यांचा क्वार्टरबॅक मॅन्झिल गेलेला होता. त्यामुळे पहिला नंबर मी पण देणार नाही. आणि २०२० च्या टीमचं नाव कसं काय नाही कोणी घेतलं, ओहायो स्टेटवर ५२-२४, अलाबामाच्या डेव्हॉन्टा स्मिथने पहिल्या हाफमध्येच १२ कॅच, २१५ यार्ड आणि ३ टचडाऊन केले, फायनल आहे की सराव चाललाय तेच कळेना.

तस्कलूसाकर
सगळ्यांचं वाचलं, भावालाही वाचून दाखवलं. ताई तुमची २००९ मी दुसऱ्या नंबरवर आणतो, दुसऱ्या हाफमधलं ते शून्य माझ्या डोक्यातनं गेलं होतं.

पण २१-० वर मी ठाम आहे आणि का ते सांगतो. एलएसयू १३-० होती. पूर्ण मॅचमध्ये त्यांचे एकूण ९२ यार्ड आणि फक्त ५ फर्स्ट डाऊन, म्हणजे १० यार्ड पुढे सरकून बॉल राखणं ५ दाच जमलं. मधली रेषा त्यांनी पहिल्यांदा ओलांडली तेव्हा चौथ्या क्वार्टरमधली साधारण ८ मिनिटं उरली होती, आणि ओलांडली तर लगेच आमच्या हायटॉवरने त्यांच्या क्वार्टरबॅक जेफरसनला मागे ओढून बॉलच उडवला आणि आमच्याने तो धरला. आम्ही मित्राच्या हॉलमध्ये गाद्या टाकून बघत होतो, तो बॉल खाली पडला तेव्हा आम्ही नऊ जण एकदम उभे राहिलो आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा तक्रार करायला नाही तर आनंदाने ओरडत वर आले. सेबनने २००३ च्या सीझनचं टायटल एलएसयूचा कोच म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या याच सुपरडोममध्ये जिंकलं होतं, हे त्या रात्री आजोबांनीच आम्हाला सांगितलं.

आणि एक बघा, नोव्हेंबरमध्ये ज्या किकिंगने घात केला तीच किकिंग इथे कामी आली. आमच्या शेलीने ७ पैकी ५ फील्ड गोल मारले, म्हणजे १५ पॉइंट. शेवटी आमचा रिचर्डसन ३४ यार्ड पळाला तो मॅचमधला एकमेव टचडाऊन, त्याचे ६. नंतरची एक्स्ट्रा पॉइंटची किक हुकली, म्हणून २२ नाही २१. भाऊ आत्ता सोफ्यावर बसून ती मॅच पहिल्यापासून बघतोय, दुसरा क्वार्टर चालू आहे आणि गेल्या वीस मिनिटांत ५९-० चं नाव काढलेलं नाही.