ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते : डिस्क खरोखर वाकडी झाली आहे का?

प्रश्न

नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक 46,000 किलोमीटर चालली आहे. पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम. ताशी 80 च्या आसपास वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, आणि वेग 50 च्या खाली आला की ती थरथर विरून जाते. ब्रेक न लावता 100 च्या वेगानेही गाडी अगदी शांत चालते. हाच त्रास मागच्या वर्षी झाला होता, तेव्हा गॅरेजवाल्यांनी डिस्क वाकड्या झाल्याचे सांगून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले. त्यानंतर जेमतेम 7,000 किलोमीटर झाले असतील. गेल्या महिन्यात पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरलो तेव्हा थरथर पहिल्यांदा ठळकपणे जाणवली, आणि आता पुन्हा तेच निदान ऐकायला मिळाले आहे. इतक्या लवकर डिस्क वाकते का? दुसऱ्यांदा पैसे घालण्याआधी नेमके काय तपासून घ्यावे?

प्रतिसाद 1

तुमच्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे. ब्रेक न लावता गाडी शांत चालते, म्हणजे चाकांचे बॅलन्सिंग किंवा टायरचा फुगवटा हे कारण जवळजवळ बाद होते. थरथर स्टिअरिंगमध्ये येते, म्हणजे दोष बहुधा पुढच्या चाकांत आहे. मागचे ड्रम लंबगोल झाले असते तर ती सीटमध्ये आणि पेडलमध्ये अधिक जाणवली असती. तरी खात्रीसाठी मोकळ्या, सरळ रस्त्यावर 40 च्या वेगाला हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढून पाहा. त्या वेळी थरथर आली नाही, तर मागची बाजू विसरून जा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘डिस्क वाकली’ असे आपण सर्रास म्हणतो, परंतु बिडाची डिस्क नेहमीच्या वापरात उष्णतेने कायमची वाकणे हे फार क्वचित घडते. खरा दोष बहुतेक वेळा तिच्या जाडीतील फरकाचा असतो. डिस्क हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या फिरत्या भागावर, अगदी किंचित तिरकी बसली, तर पॅड मोकळे असतानाही तिचा एक भाग प्रत्येक फेरीत पॅडला पुसटसा घासत राहतो, आणि हजारो किलोमीटरनंतर तेवढाच भाग इतरांपेक्षा पातळ होतो. म्हणूनच नवीन डिस्क बसवल्यावर पहिले काही महिने सारे ठीक वाटते आणि मग थरथर परत येते. तुमच्या 7,000 किलोमीटरचा हिशेब याच्याशी नेमका जुळतो.

दुसरी शक्यता पॅडचे द्रव्य डिस्कवर एका जागी चिकटण्याची आहे. घाट उतरून डिस्क तापलेली असताना पेडल दाबून गाडी एकाच जागी उभी ठेवली, तर पॅडचा ठसा तिथे उमटतो. चाक काढल्यावर डिस्कवर पॅडच्या आकाराचा गडद डाग दिसतो का, ते आवर्जून पाहा.

प्रतिसाद 2

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. फक्त मोजमापाबद्दल लिहितो, कारण बोटाने चाचपून हा फरक कळत नाही. चाक काढल्यावर त्याचे सर्व नट वॉशर घालून सारख्या जोराने आवळा, म्हणजे डिस्क हबवर घट्ट बसेल, आणि डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत लावून ती हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असते, पण छोट्या गाड्यांत फिरताना डिस्कची आतबाहेर होणारी डगमग 0.05 मिलिमीटरच्या आत असावी, असे मी धरतो. त्यानंतर मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा, तिच्यात 0.02 मिलिमीटरचा फरकही स्टिअरिंगला जाणवू शकतो.

डगमग जास्त भरली तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. ती काढा आणि हबचा पृष्ठभाग नीट पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथे गंजाचे पापुद्रे धरतात, आणि घाईत नवीन डिस्क त्यांच्यावरच चढवली जाते. हबवरचा कणभर गंज डिस्कच्या कडेपर्यंत पोहोचताना मोठा होतो. तारेच्या ब्रशने हब धातू चमकेपर्यंत साफ करा, आणि कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने मोकळ्या सरकतात का तेही पाहा. अडकलेली पीन पॅडला मागे सरू देत नाही. हे करताना कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा.

चाक बसवताना हवेच्या गनने नट आवळून सोडून देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक नट प्रमाणाबाहेर आवळला आणि शेजारचा सैल राहिला, तर चांगली डिस्कही तिरकी ओढली जाते. समोरासमोरचे नट टप्प्याटप्प्याने आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हँडब्रेकच्या चाचणीत थरथर आली नाही. डायल गेज असलेल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये मी स्वतः उभा राहून मोजमाप करून घेतले. उजवीकडे डगमग 0.03 होती, पण डावीकडे काटा 0.11 पर्यंत गेला. डावी डिस्क उतरवली तेव्हा हबवर तांबूस गंजाची जाड कड होती, आणि डिस्कच्या मागच्या बाजूवर तिचाच ठसा उमटलेला होता. हब साफ करून तीच डिस्क परत चढवली, तर डगमग 0.04 वर आली. जाडीतील 0.025 चा फरक मात्र आधीच पडलेला होता, तो साफसफाईने जाणार नव्हता. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा अजून दीड मिलिमीटर शिल्लक असल्यामुळे दोन्ही डिस्क लेथवर अगदी हलक्या घासून घेतल्या. डावीकडची खालची पीनही जड सरकत होती. ती साफ करून ब्रेकसाठीचे ग्रीस लावले.

नंतर मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, मध्ये थोडे अंतर सोडत दहा वेळा मध्यम ब्रेक लावून पॅड बसवून घेतले. काल 90 वरून जोराने ब्रेक लावला तेव्हा स्टिअरिंग स्थिर होते.

प्रतिसाद 1

उत्तम झाले. पुढील 5,000 किलोमीटरनंतर डाव्या डिस्कची जाडी एकदा पुन्हा मोजा. ती सगळीकडे सारखी भरली, तर दोष हबवरच होता हे नक्की होईल. फरक पुन्हा पडलेला दिसला, तर हबचे बेअरिंग तपासायला लागेल.